रिकाम्या माळ्याचं करायचं काय?

अभिनंदन! माळा रिकामा झाला. कपाटाचं दार आता खांद्याने न रेटता लागतं, पलंगाखालून झाडू आरपार जातो आणि ओट्याखालची, पिशव्यांनी भरलेली ती पिशवीसुद्धा गेली. (त्यातल्या निम्म्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या आधीच्या होत्या. साडीच्या दुकानाची तशी जाड, दोन बंदांची पिशवी आज कुठे मिळते सांगा. पण गेली ती गेली.) घर आवरायचं कसं हे सांगणारे रगड भेटतात. आवरून झाल्यावर जी जागा आणि जो वेळ हाती लागतो, त्याचं करायचं काय, यावर मात्र सगळे गप्प. अननुभवी माणूस मग भलतंच काहीतरी करून बसतो. म्हणजे जागा रिकामीच ठेवतो. हा अनर्थ टळावा म्हणून चार समजुतीच्या गोष्टी.

सगळ्यात आधी फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी काढा, कारण आठवड्याने काढलेल्या फोटोत काही ना काही येतंच. तो घरच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा, "कसं मोकळं मोकळं वाटतंय!" यावर कोणी अंगठा दाखवेल, कोणी फुलं पाठवेल, पण ताईचा थेट फोन येईल. "अरे, फोटो बघितला. किती छान जागा आहे रे तुमच्याकडे! यांची नागपूरला बदली झालीये ना, तर दोन खोकी आणि एक गादी फक्त. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे." हो म्हणा. बदलीतले सहा महिने कसे मोजतात हे तुम्हाला पुढे कळेलच. गादी घडी होत नाही हे तिने सांगितलेलं नसतं, आणि खोकी दोनच असली तरी फ्रिजची असतात.

गादी येण्याआधी जरा हिशेबही करा. जिथे सासूबाईंचं शिलाई मशीन उभं होतं, तो कोपरा चार फूट बाय अडीच, म्हणजे दहा चौरस फूट. याला शेजारच्या नव्या इमारतीतल्या दराने गुणा. मुंबईत असाल तर उत्तर लाखांत येईल. एवढ्या महागड्या जमिनीवर नुसती हवा ठेवणं तुमच्या ऐपतीबाहेरचं आहे. मशीन निदान वर्षातून एकदा परकराला नाडीची पट्टी घालायला तरी उपयोगी पडायचं. तेव्हा त्या कोपऱ्यात काहीतरी येऊ द्या. बहुतेक घरांत व्यायामाची सायकल येते, तिच्यावर टॉवेल वाळतात, पुढे सांगण्यासारखं काही नाही.

आता डबे. इतकं आवरल्यावर घरात शिस्त टिकायला हवी, म्हणून पारदर्शक, झाकणाला क्लिप असलेले, वर चिठ्ठी चिकटवता येणारे डबे मागवा. सेट बाराचा येतो. ते ठेवायला जागा कुठून आणायची म्हणून घाबरू नका. श्रीखंडाचे आणि आइसक्रीमचे जुने डबे फेकल्यामुळे नेमकी तेवढीच जागा झालेली असते. फरक एवढाच की श्रीखंडाच्या डब्यात आधी श्रीखंड होतं.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडे बोहारीण नावाची उत्तम सोय आहे. अर्ध्या तासाची घासाघीस करून सहा साड्या आणि चार पँट तिच्या गाठोड्यात गेल्या की तुमच्या हाती एक स्टीलचं पातेलं येतं. कपाट मोकळं, स्वयंपाकघर भरलेलं. गृहिणीला हा व्यवहार तोट्याचा वाटत नाही आणि मलाही वाटत नाही, कारण पातेलं जुनं होत नाही. मात्र पितळ विकताना घाई झाली असेल तर ती भरून काढा. आजोळचं घंगाळ भंगारवाल्याने किलोवर नेलं ना? आता पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. तसंच घंगाळ तिथे नगावर मिळतं. घेऊन या, चिंचेने घासा आणि दिवाणखान्यात मोकळ्या झालेल्या जागी मनी प्लांट लावून ठेवा. पाहुणे म्हणतील, घराला जुनं वळण आहे हो.

ज्यांना गाव आहे त्यांनी तर काळजीच करू नये. शहरातली जागा खऱ्या अर्थाने मोकळी होते ती गावच्या घरामुळे. गार न करणारा फ्रिज, एका बाजूने खचलेला सोफा, मुलांचे पाळणे, कॅसेटींचं खोकं, सगळं टेम्पोत घालून कोकणात पाठवून द्या आणि काकांना फोनवर सांगा, "काका, तुमच्या उपयोगाला येईल म्हणून पाठवतोय." काका भले असतात. ते फ्रिज पडवीत उभा करून त्यात तांदूळ ठेवतात, कारण त्यात उंदीर शिरत नाही. पुढच्या मे महिन्यात तुम्ही जाल तेव्हा त्या खचलेल्या सोफ्यावर बसा आणि काकांना शांतपणे समजावून सांगा की त्यांनीसुद्धा घर जरा आवरायला हवं.

गाव नसेल तर कामवाल्या मावशी असतात. बंद मिक्सर त्यांना देताना "मोटर गेलीये, पण भांडं अगदी नव्यासारखं आहे" एवढं सांगितलं की दानाचं पुण्य पदरात पडतं. मावशींची खोली दहा बाय बाराची, माणसं पाच. पण नाही म्हणायची त्यांची पद्धत नाही. तुम्ही पगार देता. तो मिक्सर त्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देतात, हे तुम्हाला कळू नये याची काळजीही त्याच घेतात. आणि गाव नाही, मावशीही नाहीत, तर जिना आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, पळून जायची वाट अडवू नये हे सोसायटीच्या फलकावरही लिहिलेलं आहे, आणि फलकाखालीच तुमची चपलांची मांडणी छान बसते.

आवरताना तांदळाच्या डब्याच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत पाचशेच्या जुन्या नोटा सापडल्या असतील तर त्या नीट मोजा. बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबर २०१६ ला संपली. २०१७ च्या कायद्यानुसार अशा नोटा दहापर्यंत जवळ ठेवता येतात. अभ्यासासाठी, संशोधनासाठी किंवा नाणी-नोटांच्या छंदासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. कोणती वस्तू घरात किती ठेवावी हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही. तो भांड्यांनाही लावावा, अशी माझी नम्र सूचना आहे. (दिवाळी अंकांना लावू नये. १९०९ पासूनची परंपरा आहे ती, तुम्ही परवाच साडेअकरा किलो विकलीत.)

राहिला वेळ. इथे एक बारकावा लक्षात घ्या. बहुतेक घरांत आवरणारी एक असते आणि हलकं वाटणारा दुसरा. आवरणारीला मोकळा वेळ मिळत नाही, कारण तिला आता रिकामी फडताळं पुसावी लागतात, बोहारणीकडचं पातेलं घासावं लागतं आणि ताईच्या गादीला ऊन दाखवावं लागतं. मोकळा वेळ मिळतो तो हलकं वाटणाऱ्याला. त्याने तो समाजासाठी वापरावा. लोकांच्या घरी चहाला जावं, त्यांच्या शोकेसकडे दोन मिनिटं काही न बोलता पाहावं आणि मग विचारावं, "हे सगळं खरंच लागतं का हो तुम्हाला?" लग्नात आहेराच्या रांगेत उभं असताना अपरिग्रहावर बोलावं. मात्र असा सदुपयोग फार दिवस चालत नाही, कारण लोक चहाला बोलवेनासे होतात.

त्यानंतरच्या वेळेची तरतूद तुम्ही आवरतानाच करून ठेवलेली असते. कपाटाच्या वरच्या खणातली ती पिवळट फाइल आठवते? दोरीने बांधलेली, वर वाळवीचा एक नकाशा? कोणत्या तरी जुन्या पावत्या असतील म्हणून रद्दीत गेली ती. तिच्यात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट होतं. याचा पत्ता फ्लॅटवर कर्ज काढायची वेळ येईपर्यंत लागत नाही, आणि मुलीचं परदेशी शिक्षण ठरलं की ती वेळ येते.

घाबरू नका, दुसरी प्रत मिळते. आधी पोलीस चौकीत जाऊन कागद गहाळ झाल्याची नोंद करायची. तिथे "कुठे गहाळ झाला?" असं विचारतील, "रद्दीत" असं खरं उत्तर देऊ नका, तिथल्या साहेबांनाही हसू आवरत नाही. मग स्टॅम्प पेपरवर नुकसानभरपाईचं हमीपत्र, नोटरीचा शिक्का, सोसायटीला अर्ज. कमिटीची बैठक कोरमअभावी तहकूब होते, ती पुन्हा भरते, तीत सेक्रेटरी तुमच्या थकीत पार्किंगचा विषय काढतात, मग ठराव होतो. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, हरकतींसाठी सांगितलेले दिवस थांबायचं. प्रत्येक टप्प्यावर झेरॉक्स लागते आणि प्रत्येक झेरॉक्सची एक प्रत "तुमच्या माहितीसाठी" तुमच्याकडे राहते. शनिवार-रविवारी काय करायचं, हा प्रश्न चांगले काही महिने पडणार नाही.

नोटीस छापून येईल त्या दिवशीच्या अंकाच्या पाच प्रती घ्या. एक कमिटीला, एक वकिलाला, एक बँकेला. उरलेल्या दोन कोणी कितीही सांगितलं तरी रद्दीत घालू नका.