चार हिरवे दिवे, बॅटरीचे बारा

राजेहो, इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका! लाइट गेली तेव्हा चारही फुल्ल. वीस मिनिटांत टूं टूं, पंखा ठप्प, आणि वर मे महिन्यातली वऱ्हाडातली रात्र. चार्जिंग सुरू असताना १३.८ व्होल्ट दिसणारच ना भाऊ, तो आकडा चार्जरचा! चार्जर काढा, दोन-तीन तास थांबा, मग बॅटरीला व्होल्ट मोजायचं मीटर लावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आमची ११.९! टोप्या उघडल्या तर तीन खान्यांत प्लेटा कोरड्या, उरलेल्या तिनांत मोठेबाबांनी ओतलेलं बोअरचं खारं पाणी. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कोपऱ्यात सीलबंद. वर मलाच म्हणतात, "पाणी ते पाणीच, काऊन बोंबलतं बे?"