सीईटीच्या तोंडावर ऑप्शनला काय टाकायचं?

बारावीची पोरं दरवर्षी एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. "मॅडम, मॅथ्समधलं काय काय ऑप्शनला टाकू?" यात लाजण्यासारखं काहीच नाही. बोर्ड संपल्यावर सीईटीपर्यंत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेपर्यंत, जे थोडे आठवडे हातात राहतात, त्यात दोन वर्षांचं सगळं गणित पक्कं होणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं असतं. गडहिंग्लज-गारगोटीकडून रोज एसटीने कोल्हापूरला येणाऱ्या पोरांचा तर निम्मा जीव प्रवासातच जातो. त्यांना "सगळं झालंच पाहिजे" म्हणून दटावणारा माणूस मदत करत नाही, नुसता धाक घालतो. काहीतरी सुटणारच आहे. पण काय सोडायचं हे भीतीवर ठरवू नका आणि दुसऱ्याच्या यादीवरही ठरवू नका. त्या धड्याच्या जिवावर पुढचं काय काय चालतं, ते आधी बघा.

सीईटीत मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० मार्क आणि एकट्या मॅथ्सचे १००. म्हणजे इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराचा अर्धा निकाल इथेच लागतो. एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बाकी बारावीचं.

ऑप्शनची सवय पोरांना बोर्डाच्या पेपरानं लावलेली असते. तिथं सेक्शन डीमध्ये ८ पैकी ५ सोडवायचे, बी आणि सी या दोन्हींत प्रत्येकी १२ पैकी ८. एखादा अख्खा धडा सोडला तरी पेपर पूर्ण लिहिता येतो, मार्कही चांगले पडतात. सीईटीत असा पर्याय नाही, पन्नासच्या पन्नास प्रश्न मोजले जातात. त्यामुळे बोर्डाला चाललेला हिशेब तसाच पुढे नेला की घात होतो.

एका पोराचा मॉक टेस्टचा कच्चा कागद माझ्यासमोर होता. साइन स्क्वेअर एक्सचं इंटिग्रेशन करायचं होतं. पोरानं साइन क्यूब एक्स भागिले तीन लिहिलं होतं. हाच पोरगा इंटिग्रेशनचे शेकडो प्रश्न घासून बसलेला, बाय पार्ट्सची रीत त्याला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. मी म्हटलं, "अरे, कॉस टू एक्सचं सूत्र लाव की. साइन स्क्वेअर म्हणजे वन मायनस कॉस टू एक्स भागिले दोन. मग राहिलंय काय?" तो म्हणाला, "मॅडम, ट्रिगोनॉमेट्री ऑप्शनला टाकलंय." त्याच कागदावर खाली आणखी तीन प्रश्न अडलेले होते. तिन्ही इंटिग्रेशनचे, आणि तिन्ही ट्रिगच्या सूत्रापाशी येऊन थांबलेले. त्याच्या मते त्यानं एक धडा सोडला होता. प्रत्यक्षात त्यानं किती सोडलं होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इंटिग्रेशनचंही तेच. एका विहिरीवर चार वावरं भिजत असतील, तर ती विहीर कुणी बुजवत नाही. इनडेफिनिट इंटिग्रेशनवर डेफिनिट चालतं, क्षेत्रफळाचा धडा चालतो, डिफरन्शियल इक्वेशन चालतं, आणि प्रॉबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनमधला कंटिन्युअस भागही तिथूनच येतो. "लई अवघड आहे" म्हणून हा धडा टाकणाऱ्याचा पेपर मधूनच फाटतो. शिवाय पर्यायी प्रश्नांच्या पेपरात इनडेफिनिट इंटिग्रेशन जरा सोपंच होतं. उत्तर सुचलं नाही तर दिलेल्या पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढायचं, ज्याचं मूळ फंक्शनशी जुळेल तो पर्याय बरोबर. डेरिव्हेटिव्ह येत असेल तर एवढं कुणालाही जमतं.

व्हेक्टर आणि लाइन-प्लेनचीही अशीच भीती. "मॅडम, थ्री-डी डोळ्यासमोरच येत नाही." सीईटीला बऱ्याचदा ते डोळ्यासमोर यावंही लागत नाही. बिंदूपासून प्लेनचं अंतर काढायचं असेल तर बिंदूचे आकडे समीकरणात घालायचे, आलेल्या संख्येचं चिन्ह सोडून द्यायचं आणि नॉर्मलच्या, म्हणजे प्लेनला लंब असलेल्या व्हेक्टरच्या, लांबीनं भागायचं. डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट चार दिवस मन लावून केलं की दोन धडे उघडतात. हे दोन्ही टाकायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

मग टाकायचं काय? ज्यावर पुढचं फारसं काही अवलंबून नाही आणि ज्याला तुमचा वेळ जास्त लागतो, ते. वर्तुळ, संमिश्र संख्या, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स. यातलं काही मुळातच कच्चं राहिलं असेल आणि दिवस थोडे असतील, तर खुशाल टाका, मनाला लावून घेऊ नका. लॉजिक आणि एलपीपी म्हणजे लिनिअर प्रोग्रामिंग, यांच्यावरही बाकी काही अवलंबून नाही, पण ते टाकू नका, कारण ते एकेका संध्याकाळचं काम आहे. इतकी स्वस्त गोष्ट सोडून द्यायची आणि महिनाभर वर्तुळाशी झटायचं, हा कसला हिशेब?

आणि दरवेळी अख्खा धडाच टाकायला हवा असंही नाही. धड्यातला एखादा प्रकार टाकता येतो. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनमधली गुंतागुंतीची मांडणी सोडा, पण एनसीआर, म्हणजे एनमधून आर गोष्टी निवडायचं सूत्र, हाताखालून गेलेलं असू द्या, नाहीतर बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनला पुन्हा अडाल. इंटिग्रेशनमध्ये जिथं टॅन एक्स बाय टू धरून पानभर लिहावं लागतं, तो प्रकार सोडा.

राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानांपासून पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे "हमखास येणारे धडे" अशा याद्या फिरत असतात. सीईटी अनेक दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. काल एखाद्या शिफ्टला जे आलं ते उद्या तुमच्या स्क्रीनवर येईलच असं नाही. त्यापेक्षा स्वतःच्या शेवटच्या तीन-चार मॉक टेस्ट काढा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की नेमकं कुठं अडलं. धड्याचं नाव लिहू नका, अडलेली पायरी लिहा. खरी यादी तिथंच तयार होते, आणि ती शेजारच्या पोराच्या यादीसारखी कधीच नसते.

टाकलेल्या धड्याचा प्रश्न सीईटीत कोरा मात्र ठेवू नका. इथं निगेटिव्ह मार्किंग नाही. चार पर्यायांतला एक बरोबर असतो, म्हणजे असे ८ प्रश्न नुसत्या अंदाजानं सोडवले तरी सरासरी २ बरोबर येतात. जेईई मेनला हा खेळ चालत नाही. तिथं बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १. एखादा पर्याय तरी खात्रीनं खोडता येत असेल तरच हात घाला.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. पोरगं "हा धडा टाकतोय" म्हणालं की लगेच अंगावर जाऊ नका. "का टाकतोयस, त्यावर पुढं काय अवलंबून आहे?" एवढं विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या. गणित येत नसलं तरी त्याला उत्तर देता येतंय का, हे तुम्हाला कळेल. नाही देता आलं तर मॉकचे कागद घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा. माझ्या क्लासला येत नसला तरी चालेल, फी लागणार नाही, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.