देव्हाऱ्याशेजारचा रेडिओ

पुतण्याने अमेरिकेहून हा इंटरनेटवर चालणारा रेडिओ आणला तेव्हा तो म्हणाला होता, "काका, ह्याच्यावर जगातलं कुठलंही स्टेशन लागतं." त्याला 12 वर्षं झाली. जगाचं सोडा, गेल्या मे महिन्यापासून ह्यावर रत्नागिरीसुद्धा लागेना. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. रत्नागिरी न लागणं म्हणजे शेजाऱ्याने ओळख न दाखवणं.

लक्षण असं, की वायर काढली की 4 मिनिटांत मान टाकायचा. वायर लावली तरी कधी नेट सापडे, कधी नाही. मी निदान केलं, बॅटरी. उघडून बघितलं तर आत निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले 6 सेल, प्रत्येकी 1.2 व्होल्टचे, आणि टोकांवर हिरवी बुरशी. बुरशी कसली, खारा वारा तो. आमच्याकडे खिडकीचे गज, सायकलची साखळी आणि लग्नातलं कपाट ह्यांना जो रोग होतो, तोच. खोडरबराने आणि स्पिरिटने घासलं. मल्टिमीटर लावला, 7.3 दाखवले. म्हटलं, तब्येत ठणठणीत! जोडून आवाज वाढवला मात्र, रेडिओ गप्प.

आमचे आतेकाका ओटीवर बसल्या बसल्या "अजून माडावर चढेन" म्हणतात, तसं हे प्रकरण. बसल्या जागी 7.3, चढायला सांगितलं की पाय लटपट. मोटारसायकलचा जुना बल्ब जोडून बघितला, काटा थेट 5 वर आला. म्हाताऱ्या सेलचं खरं वय काम सांगितल्याशिवाय कळत नाही.

कणकवलीच्या दुकानदाराने पॅक उलटसुलट केला. "ह्यो माल आता येणा नाय. लिथियम घालून देतंय, चलात." मी हात जोडले. ह्याचा चार्जर निकेलच्या सेलसाठी बनलेला. त्यावर लिथियम लावणं म्हणजे गवताच्या उडवीशेजारी शेकोटी. शेवटी तसलेच 6 सेल मिळवून जोडून घेतले.

त्याच संध्याकाळी लाईट गेली. मी विजयी मुद्रेने रेडिओ ओटीवर आणून ठेवला. पडदा उजळला आणि त्यावर एकच ओळ: नेटवर्क शोधत आहे. आईने काळोखातून विचारलं, "रे झिला, होडी तयार आसा, पण खाडीच सुकली मां?" खरंच, राउटर विजेवर होता. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओला विजेवर चालणारा राउटर लागतो, हे माझ्या डोक्यात 12 वर्षांत आलं नव्हतं.

लाईट आली तरी नेट सापडेना, आणि तेव्हा कुठे कोडं उलगडलं. लाईट गेली-आली की राउटर नव्याने उठतो आणि आपल्याच मनाने वायफायचा चॅनल, म्हणजे लहरींचा पट्टा, निवडतो. आपल्याकडे 13 पर्यंत चॅनल. हा अमेरिकन पाहुणा 11 च्या पुढे मोजतच नाही. राउटर 13 वर बसला की ह्याच्या लेखी घरात नेटच नाही. आणि मी बिचाऱ्या बॅटरीला शिव्या घालत होतो! (ती तशी मेलीच होती, पण ह्या गुन्ह्यात नव्हती.)

चॅनल 6 वर खिळवला, राउटरला छोटा यूपीएस घेतला. शिवाय फायबरवाल्याने बसवलेला वायफायचा नवा कुलूपप्रकार ह्या म्हाताऱ्याला धड कळेना, म्हणून जुना, डब्ल्यूपीए-2 लावला. त्या नादात पासवर्डही बदलला गेला.

पासवर्ड! ह्या रेडिओला कळफलक नाही, एक गोल बटण आहे. ते फिरवत एकेक अक्षर आणायचं. बटण झिजलेलं, त्यामुळे एच वरून आय वर जाताना ते के वर उडी मारतं. माझ्या मुलाने सुरक्षिततेसाठी 18 अक्षरी पासवर्ड ठेवलेला, त्यात मोठी अक्षरं, आकडे आणि एक उद्गारवाचक चिन्ह. 17 व्या अक्षरावर आईने चहाला हाक मारली, मी "आलो" म्हणून मान वळवली आणि बटण वळलं. हे तीनदा झालं. उद्गारवाचक चिन्ह मी घराबाहेर जाऊन काढलं.

एवढं करून ओटीवर आवाज तुटकच. आमच्या भिंती दीड हात जाड जांभ्याच्या, आणि जुलैत जांभा पाणी पिऊन बसलेला असतो. ओल्या भिंतीतून वायफाय पलीकडे पोचेस्तोवर अर्धमेलं होतं. रेडिओ काखेत मारून मी घरभर फिरलो. माजघर, पडवी, न्हाणीघर, एकदा तर गोठासुद्धा. म्हशीने मान वर करून बघितलं नाही. सलग वाजला तो एकाच जागी, देवघरात, गणपतीच्या डाव्या अंगाला.

आता तिथेच असतो. परवा दिवेलागणीला बघतो तर रेडिओच्या कपाळावर हळदकुंकू आणि वर जास्वंदीचं फूल. आईला विचारलं, तर म्हणाली, "देवांका लावलंय, मगे ह्येका कित्याक सोडू? तो पण थंयच बसता."

कुंकवाचा एक कण बटणाच्या फटीत गेलाय. फिरवलं की करकरतं. रविवारी उघडायला घेणार आहे.