ओढा, अजून जोरात ओढा

तुमच्या घरात असा एक तरी खण असणारच. टेबलाचा असेल, कपाटाचा असेल, पलंगाखालचा असेल. चार बोटं बाहेर येतो आणि अडून बसतो. मग पुढे येत नाही की मागे जात नाही. अशा वेळी काही उतावळी माणसं खण काढून बघायला सांगतात. अजिबात ऐकू नका. बघितलं की कारण सापडतं, आणि कारण सापडलं की चिडायचं कशावर?

तेव्हा आधी ओढा. खण रुंद असेल आणि त्याला दोन मुठी असतील तर उत्तमच. दोन मुठी दोन हातांसाठी असतात हा गैरसमज आहे. दुसरा हात फोन धरायला असतो. टोकाची एकच मूठ पकडा आणि हिसका द्या. एका बाजूने ओढलेला खण चौकटीत तिरका होतो. त्याचा पुढचा एक कोपरा आणि त्याच्या तिरक्या रेषेतला मागचा कोपरा दोन बाजूंना रुततात. इथून पुढे खरी मजा. हे कोपरे किती घट्ट रुतायचे ते तुमच्या ओढण्यावरच ठरतं. जोर दुप्पट केला की दाब दुप्पट, दाब दुप्पट झाला की घर्षणही दुप्पट. म्हणजे एकदा का खण असा पक्का तिरका अडकला, की तो लहान मुलाने ओढला काय आणि पैलवानाने ओढला काय, हिशेब तोच. तुमचाच जोर खण तुमच्याविरुद्ध वापरतो आणि तुम्ही तो हौसेने पुरवत राहता.

रुंदीला जास्त आणि खोलीला कमी अशा खणात हा प्रकार चटकन साधतो. अरुंद, खोल खण बिचारे सरळमार्गी असतात. त्यामुळे पुढचं कपाट घेताना रुंद खणांचंच घ्या. अडकलेला खण थोडा आत ढकलून सरळ करावा, मग दोन्ही हातांनी किंवा मधोमध धरून सावकाश ओढावा, असं जाणकार सांगतात. पण आत ढकलणं म्हणजे माघार. त्यापेक्षा एक पाय कपाटाला लावा आणि अंग मागे टाका. मूठ उपटून हातात आली की पहिला टप्पा पार पडला असं समजावं. निघालेली मूठ खालच्या खणात ठेवायची. तिथे आधीची असेलच.

दुसरं पथ्य: खण कधीही रिकामा करायचा नाही. आत काय आहे ते कोणाला नक्की माहीत नसतं, आणि ते तसंच राहिलेलं बरं. चार पिढ्यांपूर्वीच्या फोनचे चार्जर, संपलेत की नाहीत याची खात्री नसलेले सेल, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, घरात आता नसलेल्या यंत्रांची वॉरंटी कार्डं, आणि एक स्क्रू. तो कशाचा आहे हे कोणी सांगू शकत नाही, पण महत्त्वाचा आहे यावर सगळ्यांचं एकमत असतं. हा सगळा संसार ज्या तळावर बसलेला असतो, तो बहुतेक खणांत कडेच्या खाचेत सरकवलेला पातळ तक्ता असतो, प्लायवूडचा नाहीतर हार्डबोर्डचा. काही वर्षांनी तो मधोमध पोट सोडतो आणि खालच्या आडव्या पट्टीला घासत चालायला लागतो. खण उपसून, तळ सरकवून बाहेर काढून तोच उलटा घातला तरी पुढची काही वर्षं निघतात. पण त्यासाठी खण उपसावा लागेल, आणि मग तो स्क्रू कुठे ठेवणार?

तळ अस्सल लाकडाचा असेल तर खाचेत तो मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो, ओल धरून फुगला तर हलायला जागा असावी म्हणून. सुताराने तिथे थोडी फट सोडलेली दिसेल. तुम्हाला फट दिसली की तुम्ही गोंद आणणार, हे मी गृहीतच धरलंय. भरपूर ओता. पुढच्या दमट महिन्यात तळ फुगेल, बाजूंना ढकलेल, आणि एका दुखण्याची दोन होतील.

कधी कधी तर खणाचा काडीचा दोष नसतो. आत एखादी कात्री उभी राहिलेली असते आणि तिचं टोक वरच्या पट्टीला अडकलेलं असतं. फटीतून स्टीलची पट्टी घालून ती आडवी पाडता येते, नाहीतर वरचा खण पूर्ण काढून तिथून हात घालता येतो. ही अक्कल आयत्या वेळी सुचू नये म्हणून वरचा खणही तसाच गच्च भरून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. खण दुरुस्त करू नये, कारण अडकणाऱ्या खणामुळे घरात एक पद निर्माण होतं. तो खण घरातल्या एकाच माणसाला उघडता येतो. एरवी त्या माणसाला कोणी काही विचारत नाही. भिंतीला रंग कुठला, पाहुण्यांना झोपवायचं कुठे, पंखा किती वर ठेवायचा, सगळं परस्पर ठरतं. पण खण अडला की आतल्या खोलीत हाक जाते. तो लगेच येत नाही. चष्मा पुसतो, वाचत होता ते पान संपवतो, मग येतो. "अगं असं नाही. बाजूला हो. आधी जरा वर उचलायचा. आता डावीकडे दाब द्यायचा. आणि आता." खण सरकन बाहेर. तो काही बोलत नाही, नुसता एकदा सगळ्यांकडे बघतो आणि परत जातो.

गंमत अशी की या युक्तीतच सगळं निदान लिहून ठेवलेलं असतं. वर उचलावा लागतो, म्हणजे ज्यांच्यावर खण सरकतो त्या खालच्या धावपट्ट्या नाहीतर खणाच्या खालच्या कडा झिजल्यात आणि खण खाली बसलाय. डावीकडे दाबावा लागतो, म्हणजे उजवीकडे घासतोय. झिजलेल्या जागी लाकडाची पातळ चिपाटी चिकटवली आणि उजव्या बाजूला पॉलिश पेपरचे चार हात मारले, तर घरातल्या कोणालाही तो खण एका बोटाने उघडता येईल. पण मग त्या माणसाने काय करायचं? इतक्या वर्षांची विद्या अर्ध्या तासात मातीमोल. म्हणून दुरुस्तीचा विषय निघाला की सगळ्यात कडवा विरोध त्याच्याकडून येतो. "चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?" आमच्या घरात हे पद माझ्याकडे आहे, त्यामुळे ही माहिती मी खात्रीने देऊ शकतो.

तरीही तुमचे हात शिवशिवत असतील तर तेल घाला. कुठलंही. कच्चं लाकूड तेल पिऊन टाकतं, उरलेलं वर राहतं, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात धावपट्टीवर काळा चिकट लेप तयार होतो. आतल्या कागदांनाही त्याची खूण राहते. पहिले चार दिवस मात्र खण लोण्यासारखा चालतो, आणि ते चार दिवस तुम्ही घरभर सांगत फिरू शकता.

मेणाच्या नादी लागू नका. कोरड्या, पुसून घेतलेल्या धावपट्ट्यांवर आणि खणाच्या खालच्या कडांवर मेणबत्तीचा तुकडा घासायचा, खण दोन-चार वेळा आतबाहेर करायचा, की काम झालं. कोरडा साबणही चालतो, पण तो हवेतली ओल धरतो, म्हणून मेण जास्त बरं. पण ज्या खणाने इतकी वर्षं अख्खं घर कामाला लावलं, त्याचा शेवट मेणबत्तीच्या बुडख्याने व्हावा हे शोभत नाही. सुदैवाने घरातली एकमेव मेणबत्ती त्याच खणात आहे.

रंधा मात्र जरूर मारा, आणि मुहूर्त नीट निवडा. पाऊस आठवडाभर लागून राहिलाय, भिंतींना ओल आलीय, खण दगडासारखा बसलाय, असा दिवस गाठा. लाकडाचं हवेशी सतत पाण्याचं देणंघेणं चालू असतं. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी असतं. हवा ८० टक्क्यांवर बराच काळ टिकली की ते १६ टक्क्यांच्या आसपास जातं. या पाण्याने लाकूड लांबीत वाढत नाही म्हटलं तरी चालेल. वाढतं ते रेषांना आडवं, म्हणजे फळीच्या रुंदीत. आणि खणाच्या बाजूची फळी बसवलेली असते ती लांबी आत, रुंदी उभी अशी. त्यामुळे दमट हवेत खण चक्क उंच होतो. २० सेंटिमीटर उंचीची बाजू २-३ मिलिमीटर वाढू शकते. वर तेवढी मोकळी जागा सोडलेली नसली की त्याचं डोकं चौकटीला लागतं.

नेमके हे २-३ मिलिमीटर त्या दिवशी उडवून टाका. कोरडे दिवस आले की लाकूड आकसून मूळ मापावर जाईल, फक्त तुम्ही उडवलेलं त्यात नसेल. मग खण डब्यातल्या गोटीसारखा खडखडेल आणि तुम्हाला पुढच्या पावसाळी दिवसांपर्यंत तोंड लपवावं लागेल. काही भित्री माणसं कोरड्या हवेची वाट बघतात. अगदीच अडला तर खण आधी खडूने माखून एकदा आतबाहेर करतात, खडू कुठे पुसला गेला ते बघतात, आणि तेवढ्याच जागी रंध्याचे एक-दोन पातळ काप काढून थांबतात. घासून चकचकीत झालेले डाग तर खडूशिवायही दिसतात. वर उघड्या पडलेल्या लाकडाला पॉलिशचा हात देतात, म्हणजे ओल आत शिरायचा वेग तरी कमी होतो. असल्या माणसांचे खण उघडतात, हे मान्य. पण सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही उरत नाही.

खण पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेल्या फळीचा असेल तर वाट बघण्यातही अर्थ नाही. पाणी पिऊन फुगलेला तो बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. इथे तुमचा संताप पूर्णपणे रास्त आहे.

लोखंडी चॅनेलवाल्या, म्हणजे धातूच्या सरकत्या पट्ट्यांवर चालणाऱ्या खणांबद्दल थोडक्यात. बाजूला लागणाऱ्या बॉल बेअरिंगच्या चॅनेलला बहुतेक वेळा दर बाजूला साधारण १३ मिलिमीटर जागा लागते आणि दोन्ही चॅनेल एकमेकांना समांतर, एकाच पातळीवर असावे लागतात. तुमचे नसतील. एखादा स्क्रू ढिला होऊन त्याचं डोकं वर आलेलं असेल, गोळ्यांमध्ये केस आणि दोरे गुंतलेले असतील. खण काढायला बऱ्याच चॅनेलना दोन्हीकडे एकेक छोटा खटका असतो. बऱ्याचदा एक वर उचलायचा आणि दुसरा खाली दाबायचा, दोन्ही एकदम. तुम्ही दोन्ही खाली दाबा आणि ओढा. गोळ्या जमिनीवर सांडल्या की त्या मोजत बसू नका, सगळ्या कधीच सापडत नाहीत.

इतकं सगळं करून शेवटी कोणीतरी सुताराला बोलावतंच. हा प्रसंग अपमानाचा असतो, मनाची तयारी ठेवा. तो खण ओढत नाही. दोन हातांनी उचलतो, बाहेर काढतो, जमिनीवर ठेवतो आणि चौकटीत वाकून बघतो. मागे पडलेलं एक पाकीट काढून तुमच्या हातात देतो. कडेवरच्या दोन चकचकीत डागांवरून अंगठा फिरवतो. रंध्याचे तीन हात, चिपाटीचा एक तुकडा, खिशातलं मेण. "बघा आता," म्हणतो. तुम्ही लगेच म्हणा, "मी तेच म्हणत होतो."

तो गेल्यावर मात्र सावध राहा. खण बदललाय, घरातली माणसं तीच आहेत. दहा वर्षांची सवय दंडात बसलेली असते. पहिला जो कोणी येईल तो पाय कपाटाला लावून, दात-ओठ खाऊन, पूर्वीच्याच जोराने ओढेल, आणि सबंध खण चार्जर, सेल आणि किल्ल्यांसकट त्याच्या नडगीवर येईल. खण पूर्ण बाहेर पडू नये म्हणून मागे एक छोटा लाकडी ठोकळा लावतात. सुताराने तो लावायचा का विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "कशाला उगाच?"

मग घरात नवी तक्रार सुरू होते. खण फारच सैल झालाय, हात लावला की बाहेर येतो, पूर्वीचा बरा होता. रात्री सगळे झोपायच्या तयारीत असताना तुमच्याच घरातला एक माणूस चष्मा पुसत येतो, जुन्या वॉरंटी कार्डाची जाडसर घडी घालतो आणि खणाच्या उजव्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशी, हळूच खोचून देतो.