६२० पिक्सेलचा फोन कुठला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुहागरच्या काकूंच्या होमस्टेसाठी मी केलेल्या वेब-पानाबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: नमुना फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतो, ‘६२० पिक्सेलचा फोन कुठली कंपनी काढते?’ (पानाची मांडणी मी त्या रुंदीला बदलतो, तुम्ही ७६८ सुचवता) आणि मोठ्या मॉनिटरवर दोन्ही बाजू ओसाड दिसतात.

पहिल्यात चूक माझीच. नमुना चढवताना व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगची, म्हणजे ‘पान फोनच्याच रुंदीत मांड’ असं ब्राउझरला सांगणारी, ओळ राहून गेली. ती नसली की फोनचा ब्राउझर पान संगणकासाठीच आहे असं धरतो, साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि आकसून दाखवतो. मीडिया क्वेरीलाही (‘रुंदी अमुकपेक्षा कमी असेल तर असं मांड’ ही अट) तीच रुंदी दिसते, म्हणून ६२०च्या खालच्या रुंदीसाठीचे माझे नियम लागूच झाले नाहीत. आता ओळ घातली आहे.

६२० मात्र मी सोडणार नाही. त्या मापाचा फोन माझ्या डोक्यात नव्हताच. ब्राउझरच्या खिडकीची कड माउसने धरून हळूहळू आत ढकलत होतो. ६२०च्या आसपास दरांच्या तक्त्यातला शनिवार-रविवारचा रकाना पडद्याबाहेर गेला. कारण ‘वातानुकूलित’. शब्द मधे तुटत नाही, त्यामुळे त्याचा रकाना आणखी आकसत नाही. (‘एसी’ लिहू का, म्हणून काकूंना विचारलं. ‘पाटीवर रंगवलंय तसंच राहू दे,’ म्हणाल्या.) आणि लोक बघतात तो नेमका शनिवार-रविवारचाच दर! दापोलीकडून येणारे दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत, भर उन्हात, एका हातात पोराला धरून तो शोधतात. त्यांनी तक्ता आडवा सरकवत बसायचं का? म्हणून ६२०च्या खाली तक्ता मोडून प्रत्येक खोलीची माहिती एकाखाली एक येते, फोन नंबर सगळ्यात वर.

तुम्ही सुचवलेला ७६८ हा २०१०च्या पहिल्या आयपॅडच्या उभ्या रुंदीचा आकडा. पुढे ८१० आणि ८२०चेही आयपॅड आले. प्रत्येक वेळी काकूंचा तक्ता नव्याने कापायचा?

मॉनिटरचं निम्मं पटलं. मजकुराची रुंदी मुद्दाम बांधली आहे, ओळ फार लांबली की पुढची ओळ सापडत नाही. किनाऱ्याचे फोटो मात्र उगाच कोंडलेत, ते कडेपर्यंत सोडतो.

पान पुन्हा उघडून खिडकी लहान-मोठी करून बघा. कुठे फाटलं तर तिथला आकडा कळवा, फोनचं मॉडेल नको.