‘सरळमार्गी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : केवायसी झाल्यावरही दर वेळी नवा पत्ता का?

‘सरळमार्गी’ यांस,

बिटकॉइनच्या व्यवहारांत खासगीपणा कसा जपावा या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा : एक्स्चेंजला (बिटकॉइन विकणाऱ्या कंपनीला) पॅन-आधार देऊन केवायसी (ओळख-पडताळणी) झाली की सगळं उघडंच असतं, मग पैसे घ्यायला दर वेळी बिटकॉइनचा नवा पत्ता (खाते क्रमांकासारखी अक्षरमाला) घ्यायचं नाटक कशाला, ज्याच्या मनात पाप नाही त्याला लपवायची गरज नाही, हा लेख म्हणजे करचुकव्यांची फुकट शिकवणी, एवढंच असेल तर मिक्सर (अनेकांची नाणी मिसळून माग पुसणारी सेवा) वापरा नाहीतर सरळ यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं नाणं) घ्या, आणि स्क्रीनशॉट तरी नवे लावा.

शेवटचं आधी. स्क्रीनशॉट स्पॅरो या वॉलेट-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीचे आहेत, हे मान्य. बदलतो.

आता ‘शिकवणी’. मतभेदाचं मला वावडं नाही, पण हे मत नाही, आरोप आहे. त्याच लेखात नफ्यावरचा 30 टक्के कर, 1 जुलै 2022 पासूनचा 1 टक्का टीडीएस, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही हा नियम आणि विवरणपत्रातलं व्हीडीएचं (आभासी डिजिटल मालमत्तेचं) परिशिष्ट, हे सगळं लिहिलेलं आहे. ते वाचूनही तुम्ही असं लिहिलं असेल तर तो खोडसाळपणा झाला, आणि न वाचता लिहिलं असेल तर निदान ज्याच्यावर चिखल उडवायचा त्याचं लिखाण शेवटपर्यंत वाचायची तसदी तरी घ्यायची होती. मी वर्षानुवर्षं स्वतःचा नोड (बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, स्वतः तपासणारा संगणक) चालवतोय आणि यातला प्रत्येक नफा विवरणपत्रात दाखवतोय. करचुकवेगिरीचे धडे माझ्या नावावर खपवू नका. तुम्ही स्वतः टोपणनावानं लिहिता, तो तुमचा हक्क आहे आणि मला तो मान्य आहे. तोच हक्क दुसऱ्यानं पैशांच्या बाबतीत मागितला की लगेच त्याच्या मनात पाप?

तुमच्या प्रतिक्रियेतलं एकच वाक्य उत्तर द्यावं असं आहे : “केवायसी झाल्यावर पत्ता बदलून काय फरक पडतो?”

खासगीपणा कुणापासून, हे आधी ठरवावं लागतं. कायदेशीर अधिकार असलेली यंत्रणा एक्स्चेंजला विचारेल आणि एक्स्चेंज सांगेल; तुम्ही कधी, किती, कोणत्या पत्त्यावर काढलं याची नोंद त्यांच्याकडे राहतेच. ती पुसली जाते असं मी कुठेही म्हटलेलं नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे : तुम्हाला पैसे पाठवणारा क्लायंट, तुम्ही ज्याला पैसे देता तो दुकानदार, आणि उद्या कुठला तरी डेटा फुटला की तो चाळत बसणारा अनोळखी माणूस. त्यांच्याकडे नोटीस बजावायचा अधिकार नसतो, पण ब्लॉक एक्सप्लोरर (पत्ता टाकला की त्यावरचे सगळे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) असतो, आणि तो फुकट आहे.

आकड्यांत दाखवतो. वॉलेटमध्ये एक सलग शिल्लक दिसते, पण आत वेगवेगळ्या रकमांचे तुकडे असतात, त्यांना यूटीएक्सओ म्हणतात. समजा दोन वेगळ्या पत्त्यांवर दोन तुकडे आहेत : एक्स्चेंजमधून काढलेले 0.01200000 बिटकॉइन आणि क्लायंटनं दिलेले 0.00500000. कुणाला तरी 0.01400000 द्यायचे आहेत. वॉलेट दोन्ही तुकडे एकाच व्यवहारात ओततं. दोन इनपुट (आत जाणारे तुकडे), दोन आउटपुट (बाहेर पडणारे), व्यवहाराचा आकार साधारण 209 व्हीबाइट, आणि फी या आकारावर लागते. दर व्हीबाइटला 5 सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) धरले तर फी 1,045 सातोशी, आणि उरलेले 0.00298955 नव्या पत्त्यावर परत येतात. आपण दिलेला तुकडा कुठे गेला हे क्लायंटनं पाहिलं की त्याच्याशेजारीच 0.012 दिसतात. एका व्यवहारातले सगळे इनपुट सहसा एकाच मालकाचे असतात, हा साखळी तपासणाऱ्यांचा पहिला ठोकताळा. 2008 सालच्या बिटकॉइनच्या मूळ निबंधातच त्याचा जनक नाकामोतोनं हा धोका सांगितलाय, आणि दर व्यवहाराला नवी किल्ली (म्हणजे नवा पत्ता) वापरा हा सल्लाही तिथलाच. माझ्या पदरचा नाही.

आता तेच नीट करू. द्यायचे आहेत 0.00400000. स्पॅरोत यूटीएक्सओच्या टॅबवर जायचं, फक्त 0.005 चा तुकडा निवडायचा आणि निवडलेलाच पाठवायचा. एक इनपुट, दोन आउटपुट, 141 व्हीबाइट, त्याच दरानं फी 705 सातोशी, परत येतात 0.00099295. एक्स्चेंजवाल्या तुकड्याला हातही लागला नाही. क्लायंटला तुमची बाकीची पुंजी दिसत नाही, दुकानदारालाही नाही. हा फरक पडतो. केवायसी झालेली असूनही पडतो.

पण एवढ्यावर भागत नाही. 0.00400000 हा गोल आकडा आहे आणि 0.00099295 नाही, म्हणजे तुमच्याकडे परत आलेले सुट्टे कोणते हे शेंबडं पोरही ओळखेल. दुसरी खूण पत्त्याच्या जातीची. समोरच्याचा पत्ता 3 नं सुरू होणारा आणि तुमचे सुट्टे बीसी1क्यूवाल्या पत्त्यावर परत आले, की तुमच्या इनपुटशी जुळणारं आउटपुट तुमचंच. म्हणून किंमत रुपयांत ठरवून तेवढे सातोशी पाठवा, आकडा आपोआप ओबडधोबड होतो. सगळ्यात उत्तम म्हणजे रकमेच्या जवळपासचा तुकडा पूर्णच देऊन टाकायचा, सुट्टे उरतच नाहीत. आणि उरलेच, तर त्यांना मूळ तुकड्याचंच लेबल (तुकडा कुठून आला याची वॉलेटमधली टीप) लावायचं. महिनाभरानं तेच 0.00099295 एक्स्चेंजच्या तुकड्याबरोबर खर्च केलेत, तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. बहुतेक जण इथेच फसतात. पत्ते नवे घेतात, पण लेबलं लावत नाहीत.

अनोळखी ठिकाणाहून चिमूटभर सातोशी आले, बऱ्याचदा बरोबर 546, तर तो तुकडा वॉलेटमध्ये फ्रीज करून ठेवा, म्हणजे चुकून खर्च होणार नाही. तुम्ही तो इतर तुकड्यांत मिसळून खर्च करावा म्हणूनच पाठवलेला असतो.

पत्त्यांहूनही मोठी गळती एक्सपबची (वॉलेटमधल्या खात्याच्या सार्वजनिक किल्लीची) आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही. पोर्टफोलिओ दाखवणारी, कर मोजून देणारी ॲप्स तो मागतात आणि लोक बिनदिक्कत देतात. त्यावरून त्या खात्याचे आजवरचे आणि पुढचे सगळे पत्ते काढता येतात. मग तुम्ही दर वेळी नवा पत्ता घ्या नाहीतर घेऊ नका, त्या ॲपला सगळं दिसत राहणार. आधीच देऊन बसला असाल तर त्याच सीडवर (वॉलेटच्या मूळ गुप्त शब्दांवर) दुसरं खातं उघडा. त्याचा एक्सपब वेगळा असतो. जुने तुकडे तिकडे हलवलेत तर ते जाताना दिसतील, म्हणून ते जुन्याच खात्यातून खर्चा आणि नवी आवक तेवढी नव्या खात्यात घ्या.

सर्व्हरचंही तेच. मोबाइल वॉलेट सार्वजनिक इलेक्ट्रम सर्व्हरला (वॉलेटला साखळीची माहिती पुरवणाऱ्या दुसऱ्याच्या संगणकाला) जोडलेलं असेल, तर ते तुमचे पन्नास पत्ते एका दमात त्या सर्व्हरला विचारतं. टॉर (इंटरनेटवरचा माग झाकणारं जाळं) लावल्यानं आयपी झाकला जातो. हे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे झाकलं जात नाही. उपाय म्हणजे स्वतःचा नोड. एक टीबीची एसएसडी असेल तर पूर्ण साखळी मावते. नसेल तर बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये प्रून=550 लिहा; साखळी पूर्ण उतरवली आणि तपासली जाते, पण जुने ब्लॉक फेकून देऊन शेवटचे साधारण 550 एमबीच ठेवले जातात. स्पॅरो त्याला थेट जोडता येतं. फक्त जुनं वॉलेट अशा नोडवर नंतर आणलंत तर फेकलेल्या ब्लॉकमधला इतिहास सापडत नाही, म्हणून वॉलेट आधी जोडा.

“लपवायची गरज नाही” यावर एकच घटना सांगतो. 2020 मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट कंपनीचा ग्राहकांचा डेटा फुटला, आणि डिसेंबरात सुमारे 2 लाख 72 हजार लोकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर उघड्यावर आले. त्यांनी काय पाप केलं होतं? घरचा पत्ता असा बाहेर पडलेला असताना तुमची शिल्लकही कुणाला साखळीवर वाचता येत असेल, तर काय होऊ शकतं ते मी लिहायला नको.

मिक्सरबद्दल लेखात लिहिलं नव्हतं ते मुद्दाम. नाणी मिसळायची सोय देणाऱ्या समुराई वॉलेटच्या संस्थापकांना एप्रिल 2024 मध्ये अटक झाली, तशाच वसाबी वॉलेटमागच्या कंपनीनं 1 जून 2024 ला आपला कोऑर्डिनेटर (मिसळणी जुळवणारा सर्व्हर) बंद केला, आणि मिसळलेली नाणी एक्स्चेंजवर नेली की खातं अडकून चौकशी मागे लागू शकते. ज्याला सरळपणे व्यवहार करायचे आहेत त्याला मी तो सल्ला देणार नाही. तुम्ही दिलात.

आणि यूएसडीटी? ते ट्रॉन या वेगळ्या ब्लॉकचेनवर घेतलंत तर तिथे तुकडे नसतात, एका पत्त्याची सगळी शिल्लक आणि सगळा इतिहास कुणालाही दिसतो. वर नवा पत्ता काढलात तरी तिथून यूएसडीटी हलवायला फीसाठी टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) लागतात. ते जुन्या पत्त्यावरून पाठवलेत की दोन्ही पत्ते कायमचे जोडले गेले. टीआरएक्स एक्स्चेंजमधून थेट नव्या पत्त्यावर काढा, म्हणजे निदान बाहेरच्यांना तो धागा दिसणार नाही. आणि पाठवायचा पत्ता इतिहासातून कॉपी करू नका. सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं हुबेहूब जुळणारे खोटे पत्ते तिथे मुद्दाम पेरलेले असतात. मधली अक्षरंही ताडून पाहा.

करासाठी काय द्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. लेबलं लावलेल्या वॉलेटमधून व्यवहारांची सीएसव्ही फाइल काढा, एक्स्चेंजच्या स्टेटमेंटसोबत ती सीएकडे द्या. एक्सपब देऊ नका. कोणता तुकडा कधी, किती रुपयांना आला हे लेबलात लिहिलेलं असेल तर त्याला तेवढं पुरतं.