उसाच्या आडोशाने

रक्ताच्या तपासणीत साखर प्रमाणाबाहेर निघाली तेव्हा मला फारसे आश्चर्य वाटले नाही. ज्या सांगलीत दिवाळीपासून होळीपर्यंत उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रेंगाळवण्यातच माणसाची सकाळ जाते, तिथल्या रहिवाशाच्या रक्तात साखर सापडली नसती, तर ती स्थानिक उद्योगाशी बेइमानी ठरली असती. डॉक्टरांना मात्र हा युक्तिवाद पटला नाही. ‘‘रोज पाच किलोमीटर पळा,’’ ते म्हणाले, ‘‘आणि आपल्याकडे तर काय, कृष्णाकाठ आहे, सपाट रस्ते आहेत, ना चढ ना उतार. पुण्याच्या लोकांना बिचाऱ्यांना टेकडी चढावी लागते.’’ पुण्याच्या लोकांची मला त्या क्षणी कीव आली होती, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. आज मला त्यांचा हेवा वाटतो, कारण टेकडीला वळण असते, आणि वळणापलीकडे माणूस चालत आहे की पळत आहे, हे अलीकडच्यांना दिसत नाही.

सुरुवात मी हरिपूरच्या रस्त्याने केली. सांगलीतून निघून बागेतल्या गणपतीवरून हरिपूरला जाणारा हा रस्ता नदीला धरून चालतो, आणि ज्याच्या शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचे देऊळ आहे, अशा रस्त्याबद्दल वाईट बोलणे कोणत्याही सांगलीकराला शोभणार नाही. रस्त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती त्यावरच्या प्रेक्षकांबद्दल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली या गावात मराठी नाटकाचा प्रयोग केला, तेव्हापासून सांगलीकराला प्रेक्षक होण्याचे शिक्षण द्यावे लागत नाही. त्यातून हरिपूर हे तर नाटककार देवलांचे गाव. पहाटे साडेपाच वाजता एक पोट सुटलेला, चौऱ्यांशी किलो वजनाचा बँक कर्मचारी पिवळ्याधमक बुटांसह आपल्या दिशेने धापा टाकत येत आहे, हे दृश्य या मंडळींनी फुकट सोडावे, अशी अपेक्षा करणेच चूक होते. पहिल्या दिवशी घाटावरून परतणाऱ्या एका आजोबांनी हातातला तांब्या खाली ठेवून विचारले, ‘‘कोण गेलं?’’ मी कोणी गेले नसल्याचे सांगितले. ‘‘मग पळताय कशापायी?’’ डॉक्टरांनी सांगितले म्हणून, असे म्हटल्यावर त्यांचा चेहरा अधिकच गंभीर झाला आणि त्यांनी मला पाणी देऊ केले.

हरिपूर पूर्वी हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. जमिनीत खोल खणलेल्या, वर अरुंद आणि आत ऐसपैस असलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतली कितीतरी निकामी केली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते, आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची असते, आणि उतरण्यापूर्वी दोरीने कंदील सोडून तो विझतो का ते पाहायचे असते, ही माहिती मला लहानपणी मोठ्या कौतुकाने सांगितली गेली होती. तिचा खरा अर्थ मला चाळिशीनंतर कळला. माझा कंदील रोज बागेतल्या गणपतीपाशीच विझत असे. तिथून पुढे संगमापर्यंत जे काही जात असे त्याला धावणे म्हणता येणार नाही, आणि ते पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे असत. एखादे रिकामे पेव सापडले तर त्यात उतरून ऊन होईपर्यंत बसावे, असे मला त्या दिवसांत अनेकदा वाटले.

म्हणून मी मार्ग बदलला. आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडीत जायचे आणि तिथून डिग्रजच्या बाजूला शेतांतल्या रस्त्याने सुटायचे. १९२९ साली बांधून झालेल्या आणि तेव्हाच्या व्हाइसरॉयचे नाव मिळालेल्या या पुलाचा उपयोग सांगलीकर नदी ओलांडण्यापेक्षा मोजण्यासाठी अधिक करतात. पावसाळ्यात येथे कोणी कोणाला प्रकृती विचारीत नाही, ‘‘आयर्विनला किती झालं?’’ एवढेच विचारतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ साली तो आकडा सत्तावन्नच्या वर गेला होता. एरवी मात्र पुलावरून सकाळी नदी पाहावी. महाबळेश्वराहून निघताना तिला जी घाई असते ती इथवर पोहोचेपर्यंत पूर्ण संपलेली असते. काळ्या सपाट जमिनीतून ती मोठमोठी वळणे घेत, कोठेही वेळेवर पोहोचायचे नसल्यासारखी चालते, आणि तरीही तिला कोणी ‘‘काय, दमलात का?’’ असे विचारीत नाही.

सपाट प्रदेशात पळणे सोपे असते, हा गैरसमज सपाट प्रदेशात मोटारीने फिरणाऱ्यांनी पसरवला आहे. चढावर माणूस दमला तर दोष चढाला देता येतो. सपाटीवर दोष देण्यासाठी स्वतःखेरीज कोणीच उपलब्ध नसते. शिवाय येथे सगळे फार लांबून दिसते. पुढच्या गावच्या देवळाचा कळस निघाल्यापासून समोर असतो, अर्धा तास पळूनही तो तेवढाच असतो, आणि एखाद्या सकाळी तर तो आपल्याकडे पाहून मागे सरकत आहे अशी माझी खात्री पटलेली आहे. साखर कारखान्याच्या चिमणीचेही तेच. जे आपल्याला दिसते त्याला आपणही दिसतो, हा या दृष्टिशास्त्राचा उत्तरार्ध मात्र फार उशिरा ध्यानात येतो. दीड किलोमीटरवरच्या मोटरीच्या खोपटापाशी बसलेला माणूस तुम्ही कोणत्या बांधापाशी पळायचे थांबलात, कंबरेवर हात किती वेळ ठेवलेत आणि इकडेतिकडे पाहून पुन्हा कधी सुरू केलेत, हे सारे सांगू शकतो. आणि संध्याकाळी सांगतोही.

या संकटातून मला वाचवले ते उसाने. ऑगस्ट उलटला की कृष्णाकाठचा ऊस डोक्यावरून जातो, आणि पुढे तो दहा-बारा फूट वाढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या भिंतींसारखा उभा राहतो. तोपर्यंत उघडा असलेला प्रदेश एकाएकी बोळाबोळांचा होतो. या बोळांत माणूस काय करतो हे फक्त कोल्ह्यांना आणि रानडुकरांना ठाऊक. मी लवकरच एक पद्धत बसवली. उसाच्या आडोशाने सावकाश, हात मागे बांधून, पहाटेचा गारवा घेत चालायचे. पुढे पाणंद फुटते किंवा मध्येच भुईमुगाचे वावर लागते तिथे लोक असण्याचा संभव असल्याने दहा पावले आधीपासून पळू लागायचे, ती उघडी जागा जोमाने पार करायची आणि पलीकडचा ऊस लागला की पुन्हा चालायचे. प्रत्येक पाणंदीवरच्या माणसाला मी पळतानाच दिसत असल्याने, सबंध रस्ताभर मी पळतच असतो असा तर्कशुद्ध निष्कर्ष पंचक्रोशीने काढला. ‘‘बँकेतलं सायेब लई पळत्यात,’’ असे एका कर्जदाराने माझ्या शिपायाला सांगितले, तेव्हा मला एखादा पुरस्कार मिळाल्यासारखे झाले होते.

या काळात भीती एकच होती, ती मगरींची. सांगलीपासून वर औदुंबर-भिलवडीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, ही अफवा नव्हे. थंडी पडली की त्या ऊन खायला काठावर येतात, कारण त्यांच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. डिसेंबरातल्या एका सकाळी पलीकडच्या मळीवर मला एक ओंडका दिसला. पुरात वाहून आलेला असावा असे मला वाटले. दोन मिनिटांनी ओंडक्याने तोंड उघडले आणि ते तसेच उघडे ठेवले. मधे सबंध नदी होती, तरीही त्या दिवशीचा पुढचा किलोमीटर मी ज्या वेगाने पार केला तो माझ्या मनगटावरच्या घड्याळाने विक्रम म्हणून नोंदवला आहे. रोज म्हशी घेऊन येणाऱ्या मामांना मी धापा टाकीत विचारले, की मगर माणसाच्या मागे लागते का? ‘‘पाण्यात उतरल्यालाच धरती, रस्त्यावरनं पळणाऱ्याच्या मागं काय लागत न्हाय,’’ मामा म्हणाले, आणि थोडा विचार करून त्यांनी जोडले, ‘‘पण तुम्ही तर चालतच असताय की.’’ म्हशी उसाच्या आडोशालाही चरतात, हे मी हिशेबात धरले नव्हते.

गुऱ्हाळाचा उल्लेख टाळता आला असता तर बरे झाले असते. पण माझ्या मार्गावर साडेतीन किलोमीटरवर ते होते, आणि काहिलीतून निघालेल्या ताज्या काकवीचा वास वाऱ्यावर अडीच किलोमीटरपासूनच येऊ लागे. धावताना दर किलोमीटरला साधारण आपल्या वजनाच्या किलोंइतक्या कॅलरी जळतात, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे गुऱ्हाळापर्यंत पळत आलो असतो तर माझ्या सुमारे तीनशे जळाल्या असत्या. तिथे मला कोणी कधी काही मागू दिले नाही. तांब्याभर रस आणि पळसाच्या पानावर वाटीभर ऊन गूळ आधीच पुढे येत असे, आणि पळून आलेल्या माणसाला नाही म्हणण्याइतका दम नसतो, चालून आलेल्याला तशी इच्छा नसते. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासली तेव्हा डॉक्टर कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो दिवस उगवला. मी नेहमीप्रमाणे हात मागे बांधून, बँकेतल्या एका थकीत प्रकरणाचा विचार करीत चाललो होतो आणि माझ्या डाव्या बाजूला ऊस आहे हे मी गृहीत धरले होते. तो नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत असलेली ती अर्ध्या किलोमीटरची भिंत तोडणीच्या टोळीने रातोरात आडवी केली होती आणि उरलेल्या उसाच्या कडेला वीस-पंचवीस माणसे कोयते थांबवून माझ्याकडे पाहत होती. बीडकडून आलेली ती टोळी पहाटे अंधारातच फडात उतरली होती. बाया मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत नेऊन टाकत होत्या, पाचटात गोधडीवर एक लेकरू निजले होते, आणि अंगातली शक्ती कशी खर्च करावी या विवंचनेत असलेला मी पिवळे बूट घालून त्यांच्यासमोर उभा होतो. मला इतके ओशाळे झाले की मी जागच्या जागीच पळू लागलो. मोळी डोक्यावर असलेल्या एका बाईने मान न वळवता विचारले, ‘‘काय झालं भाऊ, बस चुकली का?’’

तिच्या स्वरात थट्टा नव्हती, म्हणूनच उत्तर सुचेना. मी ‘‘हो’’ म्हणालो.

त्यानंतर होळीपर्यंत रोज एकेक फड उघडा होत गेला. माझे बोळ संपले. डिग्रजच्या बाजूला पाहिले की पार क्षितिजापर्यंत खोडक्या, अधूनमधून पेटवलेल्या पाचटाचा धूर, आणि मधोमध मी. दुधाचे कॅन मोटारसायकलला लावून रोज सांगलीला जाणारा एक तरुण आता मला दोन किलोमीटरवरून पाहू शकत असे, आणि जवळ येऊन न चुकता म्हणत असे, ‘‘बसा की सर, पुलापर्यंत सोडतो.’’ पूर्वी त्याला मी कायम पळतानाच दिसलो होतो. त्याला वाटे, सरांची तब्येत अलीकडे ढासळली. ही त्याची समजूत त्याने बहुधा सांगलीवाडीत बोलून दाखवली असावी, कारण बँकेत दोन खातेदार सहानुभूतीने चौकशी करून गेले. आता मला खरोखरच पळण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दोन महिन्यांत माझे वजन चार किलोंनी उतरले, आणि डॉक्टरांनी त्याचे सगळे श्रेय गोळ्यांना दिले.

मागच्या आठवड्यात मी त्याच शेताच्या बांधाशी थांबलो होतो. खोडव्याला फुटवे आले होते, जेमतेम गुडघ्याएवढे. मालक दारे धरून पाणी पाजत होते. मी जितक्या सहजपणे विचारता येईल तितक्या सहजपणे विचारले, की हा ऊस डोक्यावर साधारण कधी जाईल?

‘‘आखाड सरेस्तोवर जातोय,’’ ते म्हणाले. मग फावडे टेकवून त्यांनी मला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळले. ‘‘पर तुमाला काय एवढी घाई सायेब? कर्ज तर मी सोसायटीचं काढलंय.’’

मी हिशेब केला. आषाढ सरायला अजून साडेतीन महिने होते. तेही आयर्विनचे पाणी चढले नाही तर.